क़ कुठून काढायचा? ग्वाल्हेरला नव्याने आलेल्या मराठी गळ्यांसाठी

साताऱ्याहून लग्न होऊन मी ग्वाल्हेरला आले, तेव्हा हिंदीची मला काळजी नव्हती. शहराच्या लष्कर नावाच्या भागात आमचं घर, घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत दोन वर्षं कुठेच अडलं नाही. मग गझल शिकायला जाऊ लागले आणि पहिल्याच ओळीत अडले. ओळीत 'क़रार' हा शब्द होता आणि मी आपल्या मराठीतला 'करार' म्हणत होते. मास्तरसाहेब हात वर करून थांबवायचे. म्हणायचे, "बेटी, ये काफ़ नहीं, क़ाफ़ है." काफ़ म्हणजे आपला साधा क, क़ाफ़ म्हणजे उर्दूतला क़, देवनागरीत खाली ठिपका, म्हणजे नुक्ता, देऊन लिहितात तो. मला दोन्ही एकच ऐकू यायचे.

कुणीतरी सांगितलं, "गळ्यातून काढा." मी गळा आवळून क काढायला लागले. चार महिने तसंच चाललं. क़ आला नाही, उलट आवाज बसला आणि वरचा षड्ज लागेनासा झाला. पुढे जे कळलं, ते क्रमाने लिहून ठेवते आहे. गझल-ठुमरी गाणारे, निवेदन करणारे, नाटकात हिंदी-उर्दू भूमिका करणारे, उर्दू लिपी नुकती शिकायला लागलेले, सगळ्यांची अडचण इथे एकच असते.

सुरुवातीला जवळ काय हवं

- हातात मावेल असा आरसा
- मोबाइल: टॉर्चसाठी आणि आवाज रेकॉर्ड करण्यासाठी
- पेलाभर कोमट पाणी
- अरुंद तोंडाची सुरई किंवा काचेची बाटली
- नुक्ते छापलेला उर्दू-हिंदी शब्दकोश
- शब्द टिपायला वही
- उर्दूचा कान असलेलं एक माणूस, आठवड्यातून एकदा भेटलं तरी पुरे

सराव रिकाम्या पोटी करा. जेवणानंतर जीभ मागे ओढली की उबळ येते.

१. 'कंठ्य' हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेवा

शाळेत आपण क ख ग घ ङ हे कंठ्य म्हणून पाठ केलेले असतात. त्यामुळे आपला क कंठातूनच येतो अशी समजूत असते, आणि क़ त्याच्याहून 'खोल' म्हटला की आपण थेट गळ्याच्या घाटीपाशी जोर लावतो. माझी चूक नेमकी हीच होती.

सावकाश 'क' म्हणून पाहा. गळ्यात काहीच होत नाही. जिभेची पाठ मागच्या बाजूने वर उचलली जाते, मऊ टाळूला टेकते, क्षणभर हवा अडते आणि सुटते. आजचं ध्वनिशास्त्र म्हणून या वर्गाला मृदुतालव्य म्हणतं. आपल्याकडच्या जुन्या लोकांनाही हे ठाऊक होतं: ऋक्प्रातिशाख्यात, म्हणजे ऋग्वेदाच्या उच्चारांवरच्या प्राचीन ग्रंथात, कवर्गाला जिह्वामूलीय, म्हणजे जिभेच्या मुळाशी होणारा, असं म्हटलं आहे.

आता वरच्या दातांच्या मागून जीभ टाळूवरून फिरवत मागे न्या. आधी खडबडीत, कडक टाळू लागते. मग मऊ टाळू सुरू होते. जिभेचं टोक तिथवर जेमतेम पोचतं. त्या मऊ टाळूच्या अगदी शेवटी जी लोंबते ती पडजीभ. तिच्यामागे घशाची भिंत, आणि बरंच खाली स्वरयंत्र. क मऊ टाळूवर होतो, क़ पडजिभेपाशी. दोन जागांमधलं अंतर फार तर बोटाच्या पेराइतकं. क़ गळ्यात नाही, तोंडाच्या मागच्या दारात आहे.

हा ध्वनी मूळचा अरबी भाषेतला. अरबी व्याकरणात प्रत्येक वर्णाच्या उगमाच्या जागेला मख़रज म्हणतात. ८व्या शतकातल्या सीबवैहि या व्याकरणकाराने असे १६ मख़रज सांगितले. त्यात हम्ज़ा, ऐन, ख़, ग़ यांना हल्क़ची, म्हणजे घशाची, जागा दिली आहे. क़ला मात्र घशात बसवलेलं नाही. जिभेचा सर्वांत मागचा भाग आणि त्याच्या वरची टाळू, ही त्याची जागा. इतकी जुनी आणि नेमकी नोंद मला पहिल्या दिवशी कुणी दाखवली असती, तर माझा आवाज बसला नसता.

२. पडजीभ पाहा आणि ती कुठे आहे हे अंगाला कळू द्या

आरशासमोर टॉर्च धरून 'आ' करा. मध्यभागी लोंबणारा छोटा मांसल थेंब दिसेल. आता जांभई द्या, खोटी चालेल. मऊ टाळू आणि पडजीभ वर ओढली जाते. ही हालचाल दोन-तीन दिवस नुसती पाहत राहा.

मग कोमट पाण्याच्या गुळण्या करा. पाणी जिथे खळखळतं, नेमकी तीच जागा. पाणी थुंकून टाका आणि पाण्याशिवाय तशीच गुळणी करून पाहा. थरथरतो तो जिभेचा मागचा भाग आणि पडजीभ. घोरण्याची नक्कल करताना नाकातून हवा आत घेतली की तिथेच थरथर होते. या दोन्हींमुळे आजवर अंधारात असलेल्या जागेची ओळख होते. ध्वनी अजून काढायचा नाही.

एक कळकळीची सूचना: बोट किंवा चमच्याची दांडी आत घालून जीभ मागे ढकलू नका. मी पाहिलं आहे तसं करताना. उबळ येते, घसा खरचटतो आणि जीभ भीतीने आणखी पुढे येते.

३. क पासून मागे सरकत जा

आवाज न काढता, कुजबुजत म्हणा: की, के, का, को, कू. जीभ कुठे टेकते तिकडे लक्ष द्या. 'की'ला ती पुढे टेकते, 'कू'ला बरीच मागे. म्हणजे आपला एकच क पुढच्या स्वरानुसार आपोआप पुढे-मागे होतोच. हे लक्षात आलं तेव्हा मला फार धीर आला, कारण अगदी नवं असं काही करायचं नव्हतं. सवयीने चालणारी जीभ त्याच रस्त्यावर आणखी एक पाऊल मागे न्यायची होती.

'कू'पाशी थांबा. ओठांचा चंबू सोडून द्या, जबडा खाली पाडा, जीभ होती तिथेच ठेवा आणि 'का' म्हणा. तोंडात दोन बोटं उभी मावतील इतका जबडा उघडा. तोंड असं उघडं असलं की जिभेला पुढच्या टाळूपर्यंत पोचणं जड जातं आणि ती मागेच टेकते. जिभेचं टोक खालच्या दातांमागे पडून राहू द्या. पहिल्यांदा जो बोजड, पोकळ 'का' निघेल, तो क़च्या जवळचा असेल.

मला हे इतकं करूनही पकड येत नव्हती. एकदा स्वयंपाकघरात पाणी भरताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, सुरईतून पाणी ओत आणि ऐक." त्या ग्वाल्हेरच्याच. लहानपणी शेजारी उर्दू बोलणारं घर होतं, त्यामुळे त्यांचा क़ स्वच्छ आहे. त्यांना तो कधी शिकावाच लागला नाही. अरुंद गळ्यातून पाणी पडताना जो बुड-बुड आवाज येतो, त्यातला प्रत्येक ठोका त्यांनी मला क़सारखा करून दाखवला: क़, क़, क़. क म्हणजे पाटीवर टकटक, क़ म्हणजे बाटलीचं बूच निघावं तसा. ठोका तोच, पण मागे पोकळी. त्या दिवशी मला दोन ध्वनी पहिल्यांदा वेगळे ऐकू आले. कान आधी तयार झाला, तोंड नंतर. तुमच्या बाबतीतही बहुधा हाच क्रम राहील.

४. खरा निघतो आहे की नाही, हे तीन प्रकारे तपासा

पहिली तपासणी तळव्याने. तोंडासमोर तळवा धरा आणि 'क़ा' म्हणा. 'खा' म्हणताना लागतो तसा हवेचा झोत हाताला लागला, तर तुम्ही महाप्राण करताय. मराठी माणसाचं हे हमखास होतं, कारण जोर म्हटला की आपण श्वास सोडतो.

दुसरी तपासणी ताणून. क़ ताणता येत नाही, तो ठोका आहे. तुमचा क़ 'ख़ऽऽ' असा घासत लांबवता येत असेल, तर जीभ पूर्ण टेकलेली नाही, फट राहिली आहे. हैदराबादकडच्या दखनी उर्दूत क़चा सर्रास ख़ होतो. तिकडे कुणी नातेवाईक असतील तर कानावर तोच बसलेला असतो. ती त्या बोलीची रीत आहे, पण इथे गझल शिकवणारे तो मान्य करणार नाहीत.

तिसरी तपासणी बोटांनी. कंठमणीवर दोन बोटं हलकेच ठेवा. क़ म्हणताना तिथे ताठरपणा आला, कंठमणी झटक्याने वर गेला किंवा आत 'खट्' असं बंद झालं, तर तुम्ही पडजिभेपाशी नव्हे, स्वरतंतू आवळून हवा अडवताय. मी चार महिने हेच करत होते. कैरोच्या बोलीत क़च्या जागी असा स्वरयंत्रातला खटका खरोखरच येतो, उर्दूत तो चालत नाही. आणि गाणाऱ्याला तो महागात पडतो, कारण पुढचा स्वर आवळलेल्या गळ्यातूनच निघतो.

सराव एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. त्याहून जास्त नको. घसा दुखायला लागला तर त्या दिवशी बंद. बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, घरगुती काढ्यांवर महिने घालवू नका. हज़ीऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी चिंच आहे. तिची पानं खाल्ली की गळा गोड होतो अशी गाणाऱ्यांची श्रद्धा आहे आणि पहिल्या वर्षी मीही ती भक्तिभावाने खाल्ली. तुम्हीही जरूर जा. पण दुखऱ्या गळ्याला विश्रांती लागते.

५. ख़ आणि ग़ सोबतच उरकून घ्या

क़ची जागा सापडली की हे दोन सोपे आहेत. जीभ तिथेच न्या, पण टेकवू नका. बारीक फट ठेवून हवा घासत जाऊ द्या: ख़. घशाशी अडकलेलं काही बाहेर काढताना होतो तो आवाज, पण हळुवार. त्यातच कंठमणीला कंप द्या: ग़. कोरडी गुळणी आठवा आणि तिची खरखर कमी करत आणा. हे दोन्ही ताणता येतात, म्हणून गाताना सांभाळायला सोपे जातात.

ख़ आपल्याला परका वाटतो, पण संस्कृत उच्चारात क आणि ख यांच्या आधी येणाऱ्या विसर्गाचा असाच घासलेला उच्चार सांगितलेला आहे. त्याचंही नाव जिह्वामूलीय. 'अंतःकरण' किंवा 'दुःख' हे शब्द जुन्या पद्धतीने म्हणणारा वैदिक भेटला तर त्याच्या विसर्गाकडे कान द्या. आपण 'दुक्ख' म्हणून तो हरवला.

६. कुठे लावायचा आणि कुठे अजिबात लावायचा नाही

क़ जमायला लागला की माणूस तो सगळीकडे लावतो. मी 'किताब'ला लावला, 'हुक्म'ला लावला, एकदा 'कबूतर'लाही लावला. मास्तरसाहेब रागावले नाहीत, पण म्हणाले की न लावणाऱ्याला लोक अजाण समजतात, चुकीच्या जागी लावणाऱ्याला ढोंगी. ते मला फार लागलं. तुम्हाला ते ऐकावं लागू नये म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहिते.

खात्रीचा उपाय एकच: शब्द उर्दू लिपीत पाहणं. क़ाफ़ अक्षरावर दोन ठिपके असतात, काफ़वर तिरकी रेघ. एवढी दोन अक्षरं ओळखायला एक संध्याकाळ पुरते. देवनागरीवर विसंबू नका. हिंदी वर्तमानपत्रांत क, ख, गखालचे नुक्ते सहसा छापलेले नसतात. लिपी येईपर्यंत पुढचे आडाखे उपयोगी पडतात.

क़ मुख्यतः अरबी आणि तुर्की शब्दांत येतो. मूळच्या फ़ारसी शब्दांत साधा काफ़: कमर, किनारा, नमक, शिकार, कारवाँ, कबूतर. पण अरबीतही काफ़ आहेच, म्हणून अरबी शब्द दिसला की क़ असं समजू नका. वकील, मालिक, किताब, हुक्म, मुल्क, शक या सगळ्यांत साधा क. 'काग़ज़' तर फसवतोच: पुढचा ग़ नुक्त्याचा, पहिला क साधा.

शब्दात ट, ठ, ड, ढ, ण असेल, तर तो अरबी-फ़ारसी नव्हे. तिथे नुक्ता शोधायलाच जाऊ नका.

ख साठी नियम सोपा आहे. अरबी-फ़ारसीत महाप्राण ख नाहीच. म्हणून शब्द तिकडचा ठरला की त्यातला ख हा ख़च: ख़बर, ख़र्च, ख़ून, ख़ुश, ख़्वाब. उलट खाना, म्हणजे जेवण, देशी आहे आणि साधा ख. दवाख़ाना, कारख़ाना यांतला ख़ाना वेगळा. हे गोंधळले तर अर्थही गोंधळतो: खुदा म्हणजे खणलेला, ख़ुदा म्हणजे परमेश्वर. बाग म्हणजे लगाम, बाग़ म्हणजे बगीचा. गुल म्हणजे फूल, ग़ुल म्हणजे गोंगाट.

आणि गझल शिकणाऱ्याने निदान त्या विद्येचे स्वतःचे शब्द तरी बरोबर म्हणावेत. आपण मराठीत काफिया (गझलेतलं यमक) आणि मक्ता (शेवटचा शेर) म्हणतो. इथे ते क़ाफ़िया आणि मक़्ता आहेत.

७. सरावाचे शब्द आपल्या मराठीतूनच घ्या

शिवकाळापासून, किंबहुना त्याआधीपासून, फ़ारसी दरबाराचे शब्द मराठीत इतके मुरले आहेत की क़चा अख्खा साठा आपल्या घरातच आहे. फक्त क़चा क करून आपण तो वापरत आलो: कायदा, कबूल, कर्ज, किंमत, कैदी, कलम, करार, कौल, किल्ला, बाकी, नक्कल, हक्क, फक्त, अक्कल, तालुका, बंदूक, चाकू. यांची उर्दू रूपं वहीत समोरासमोर लिहा. अर्थ पाठ करायची गरज नाही, सगळं लक्ष जिभेवर ठेवता येतं.

क्रम मात्र पाळा. पहिला आठवडा फक्त 'आ' आणि 'अ' पुढे असलेले शब्द: क़ायदा, क़ाबिल, क़लम, क़दम, क़रार. दुसऱ्या आठवड्यात उ-ओ: क़ुबूल, क़ौल, क़ुर्बान. मधला क़ तिसऱ्या आठवड्यात: नक़ल, मुलाक़ात, इलाक़ा.

इ-ईचे शब्द सगळ्यांत शेवटी, कारण 'इ' जिभेला पुढे ओढते आणि क़ मागे. दोघांची रस्सीखेच होते आणि नवशिक्याच्या तोंडात इ जिंकते. क़ीमत, क़िस्मत, क़िला. तिथे क़ आधी पूर्ण सुटू द्या आणि मग 'इ'कडे या. ती 'इ' जराशी जाड, 'ए'कडे झुकलेली लागली तर घाबरू नका, ते बरोबर आहे. आमच्या गच्चीवरून ग्वाल्हेरचा किल्ला समोर दिसतो. मला 'क़िला' हा शब्द नीट म्हणता यायला सर्वांत जास्त दिवस लागले.

शेवटी येणारा क़ही वेगळा घ्या: इश्क़, शौक़, हक़, आशिक़. इथे पुढे स्वर नसतो, म्हणून ठोका ऐकू येत नाही आणि आपण नकळत 'इश्क' म्हणून मोकळे होतो. थोडा श्वास राखून ठेवा आणि शेवट सुटा करा, पण मागे 'अ' चिकटवू नका. 'इश्क़अ' फार वाईट ऐकू येतं.

गाताना आधी ओळ नुसती बोलून घ्या, मग सुरात, मग तालात. विलंबित लयीतही क़वर थांबायचं नसतं, ठोका क्षणाचा आणि लांबी पुढच्या स्वराची.

आपल्याला एक गोष्ट अनुकूल आहे. 'चंद्र' आणि 'चांगला' यांतले दोन च आपण एकाच अक्षराने लिहितो आणि न चुकता वेगळे उच्चारतो. माझ्या हिंदीभाषक मैत्रिणीला 'चांगला' शिकवताना मी जो धीर धरला, तोच इथे स्वतःशी धरा.

८. महिन्याभराने परीक्षा घ्या

वहीत चार जोड्या लिहा: कमर आणि क़मर, म्हणजे चंद्र. कंद आणि क़ंद, म्हणजे साखर. काश आणि क़ाश, म्हणजे फळाची फोड. शक आणि शक़, म्हणजे चीर. उर्दूचा कान असलेल्या माणसाकडे पाठ करून बसा, म्हणजे तुमचं तोंड त्याला दिसणार नाही. कोणताही क्रम धरून दहा शब्द म्हणा, जोडीतला कोणता ते ठरवून ठेवलेलं असू द्या. समोरच्याने ऐकू आलं ते लिहायचं. तुम्ही सांगायचं नाही, त्याने विचारायचं नाही.

माझे पहिल्या खेपेला दहापैकी चार आले, म्हणजे नाणेफेकीहूनही कमी. चुकलेल्या सहांतले तीन 'शक़'चे होते. मी आठवडाभर फक्त शेवटचा क़ केला. सासूबाई पोळ्या लाटत ऐकायच्या आणि चुकला की लाटणं पोळपाटावर आपटायच्या. पुढच्या खेपेला नऊ आले.

आठ आले तरी ओळ गायला घ्या. सहा-सात आले तर तिसऱ्या पायरीवर परत जा, सुरई काढा. चार-पाचांवरच अडलात तर तोंडाचा सराव आठवडाभर बंद ठेवा आणि कुणाकडून तरी त्याच जोड्या म्हणवून घेऊन फक्त ओळखत बसा.